उद्या म्हणजे कधी?



आपल्या उर्दू भाषेतला 'कल' हा शब्द मोठा मजेदार आहे. होऊन गेलेला दिवसही 'कल' आणि येणारा दिवसही 'कल'. मराठीत मात्र या दोन दिवसांना दोन वेगळे शब्द आहेत. गेलेला दिवस 'काल' आणि येणारा दिवस 'उद्या'. मराठी शिकताना आपल्या मुलामुलींचा येथे हमखास गोंधळ होतो. 'मी काल मामूंकडे जाईन', 'उद्या खूप पाऊस पडला' अशी वाक्ये मला दरवर्षी वह्यांतून भेटतात. मी ती लाल शाईने दुरुस्त करते आणि मनातल्या मनात हसते.

एकदा अशीच एक वही तपासताना मनात प्रश्न आला. उर्दूत 'कल' म्हटल्यावर कोणता दिवस समजायचा, हे कशावरून कळते? क्रियापदावरून! 'कल करूँगा' म्हटले की उद्या, 'कल किया' म्हटले की काल. शब्द तोच राहतो, फक्त क्रियापद बदलते. पुढे ढकललेल्या कामाचेही अगदी असेच होते. आज आपण म्हणतो, 'कल करूँगा.' दिवस उलटतात आणि मग म्हणावे लागते, 'कल करना था.' येणारा 'कल' गेलेला 'कल' केव्हा झाला, ते आपल्याला कळतही नाही.

काम पुढे ढकलण्याच्या या सवयीला मराठीत 'चालढकल' म्हणतात. तिला आणखीही नावे आहेत. 'टाळाटाळ' हे नाव तुम्हांला ओळखीचे वाटेल, कारण ती आपल्या 'टालमटोल'ची बहीणच आहे. 'दिरंगाई' हा शब्द तर फारसीतून मराठीत आला. फारसीत 'दिरंग' म्हणजे विलंब. महाराष्ट्रात सरकारी कामातील विलंब रोखण्यासाठी एक कायदा झाला. लोक त्याला 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे एखादी फाइल साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त काळ पडून राहू नये, असे त्यात सांगितले आहे.

या नावातला 'दफ्तर' म्हणजे कार्यालय. उर्दूतही तो शब्द त्याच अर्थाने येतो. पण मराठीत शाळेच्या पिशवीलाही 'दफ्तर' म्हणतात! तुमच्या पाठीवरच्या दफ्तरासाठी मात्र कोणी कायदा केलेला नाही. तेथे कोणती वही किती दिवस तळाशी पडून राहिली, हे फक्त तुम्हांलाच ठाऊक असते. आणि आपल्या शाळांत ती वही बहुतेक वेळा मराठीची असते. खरे की नाही?

चालढकल करणाऱ्या मुलाला आपण पटकन आळशी म्हणतो. मला हे पटत नाही. आळशी मनुष्य काहीच करत नाही. चालढकल करणारा मात्र पुष्कळ कामे करतो, फक्त करायचे ते काम सोडून! मराठीचा निबंध लिहायचा असला की त्याला पेन्सिलींना टोक करावेसे वाटते. तो वह्यांना कव्हरे घालतो. सायकल पुसतो. अम्मीने सांगण्यापूर्वीच पिण्याचे पाणी भरून ठेवतो. इतकी मेहनत करणाऱ्याला आळशी कसे म्हणायचे?

मग तो निबंधच का टाळतो? कारण निबंधाचे नाव काढले की त्याच्या पोटात गोळा येतो. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. 'किताब' स्त्रीलिंगी, पण 'पुस्तक' नपुंसकलिंगी. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, वर्गात कोणी हसेल, वही लाल शाईने भरून जाईल, अशी धास्ती त्याच्या मनात असते. तो वही मिटतो आणि त्याला एकदम बरे वाटते. जणू डोक्यावरचे ओझे उतरले!

हे बरे वाटणेच आपल्याला फसवते. टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉय या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली एका लेखात हीच गोष्ट मांडली. चालढकल करताना माणूस खरे तर कामापासून पळत नसतो. त्या कामामुळे मनात येणारी भीती, कंटाळा, अपमानाची शंका यांपासून तो पळत असतो. क्षणभर सुटका मिळते. म्हणून मन पुढच्या वेळीही तीच वाट धरते. अशी सवय लागते. काम मात्र तेथेच उभे असते आणि त्याची भीती रोज थोडी वाढत जाते.

माझे अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करीत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी माग असतील, म्हणून तुम्हांला हे लवकर समजेल. मागावरच्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्या धाग्यांना बाणा. ताण्यातला एखादा धागा तुटला, तर साध्या मागाला ते कळत नाही. तो आपला खडखडत चालतच राहतो. विणकराने ते पाहायचे, माग थांबवायचा आणि तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची. हे काम फार तर मिनिटभराचे. पण 'थोड्या वेळाने पाहू' असे म्हटले, तर कापडात लांबच लांब रेघ पडत जाते. तुटलेले टोक शेजारच्या धाग्यांत अडकते आणि तेही तुटू लागतात. मग एका गाठीचे काम राहत नाही, सगळा गुंता सोडवावा लागतो. शिवाय विणून झालेले कापड पुन्हा विणता येत नाही. त्याला भाव कमी मिळतो.

अब्बा आम्हांला म्हणत, "बेटा, लूम रोकने में नुक़सान नहीं है, न रोकने में है."

अभ्यासातही असे धागे तुटतात. सातवीत अपूर्णांक नीट समजले नाहीत, हा एक तुटलेला धागा. आठवीत विभक्तीचे प्रत्यय कळले नाहीत, हा दुसरा. त्या दिवशी हात वर करून विचारले असते, तर मिनिटभरात गाठ बसली असती. 'नंतर पाहू' म्हटल्यामुळे दहावीपर्यंत गुंता होतो. मग मुलगा म्हणतो, "मला गणित येतच नाही," "मराठी माझ्या नशिबातच नाही." नशिबाला कशाला बोल लावायचा? एक धागा तुटला होता, इतकेच.

काही मुले म्हणतात, "परीक्षेच्या आदल्या रात्री बसून सगळे करून टाकू." हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून याचे उत्तर शोधले होते. त्याने काहीही अर्थ नसलेले अक्षरसमूह तयार केले. ते पाठ केले आणि किती वेळाने किती विसरतो, याची नोंद ठेवली. १८८५ साली त्याने हे निष्कर्ष पुस्तकात प्रसिद्ध केले. पाठ केलेले आपण सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरतो, असे त्याला आढळले. एकाच दिवशी पुन्हा पुन्हा घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत वाटून घेतली, तर कमी श्रमात पाठ होते, असेही त्याला दिसले.

हिफ्ज करणाऱ्या मुलांना हे वेगळे सांगावे लागत नाही. ती रोज थोडा नवा सबक घेतात आणि त्याबरोबर जुन्याची उजळणीही करतात. संपूर्ण कुरआन एका रात्रीत पाठ करू, असे कोणी म्हणेल का? मग वर्षभराचे मराठी एका रात्रीत कसे होईल?

येथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, "टीचर, हे सगळे आम्हांला कळते. पण सुरुवातच होत नाही, त्याचे काय?"

माझ्या वर्गातील एका मुलीची गोष्ट सांगते. ती नववीत होती. ऑगस्ट महिना आला तरी तिच्या मराठीच्या वहीत फक्त नाव आणि इयत्ता लिहिलेली होती. मी विचारले की ती खाली मान घालून म्हणे, "टीचर, कल से पक्का." मी तिच्याकडे निबंध मागितला नाही. रोज वहीत तारीख घालायची आणि त्या दिवशी घडलेल्या गोष्टीबद्दल मराठीत एक वाक्य लिहायचे, एवढेच सांगितले. एक वाक्य झाले की वही मिटण्याची तिला पूर्ण मुभा होती. चुकांना गुण कापायचे नाहीत, असेही आमच्यात ठरले.

पहिल्या दिवशी तिने लिहिले, 'आज लाइट गेली.' दुसऱ्या दिवशी, 'आज आजी आला.' मी 'आला' खाली रेघ मारून 'आली' लिहिले आणि पुढे विचारले, 'आजीने काय आणले?' तिसऱ्या दिवशी उत्तर आले, 'आजीने बोरे आणली.' तीन आठवड्यांनी एका दिवसाची चार-पाच वाक्ये होऊ लागली. एकदा तर तिच्या वहीत पाऊण पान भरले होते, कारण घरात शेळीला दोन करडे झाली होती आणि ती बातमी एका वाक्यात मावत नव्हती!

ती मुलगी मराठीत पहिली आली, असे मी सांगणार नाही. दहावीला तिला मराठीत बरे म्हणावेत इतकेच गुण मिळाले. पण मराठीच्या पेपरच्या आदल्या रात्री ती शांत झोपली, असे तिने मला सांगितले. मला त्या गुणांपेक्षा ही झोप मोलाची वाटते.

तुम्ही हातपंप चालवला असेल. पहिले चार-सहा दांडे मारताना नुसती हवा येते, घरघर आवाज होतो, पाण्याचा पत्ता नसतो. जो तेथेच थांबतो, तो पंप कोरडा आहे असे समजतो. एकदा पाणी वर आले, की मग दांडा हलका लागतो. कामाचेही तसेच आहे. सगळ्यांत जड असते ती सुरुवात. म्हणून सुरुवात इतकी छोटी करा, की तिची भीती वाटूच नये. 'आज धडा पूर्ण करीन' असे म्हणू नका. 'पुस्तक उघडून पहिला परिच्छेद वाचीन' असे म्हणा.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ आणि जागा ठरवणे. जर्मनीतील पीटर गोलवित्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर या संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली, याचा वृत्तान्त दोन दिवसांच्या आत लिहायला सांगितले. त्यांपैकी काहींना, हे लेखन कोणत्या वेळी आणि कोठे बसून करणार, तेही आधी लिहून ठेवायला सांगितले. ज्यांनी वेळ आणि जागा ठरवली होती, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के विद्यार्थ्यांनी काम वेळेत पूर्ण केले. ज्यांनी ठरवली नव्हती, त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्केच करू शकले. केवढा हा फरक!

आपल्या घरांत तर दिवसाचे भाग आधीच पाडलेले आहेत. पाच वेळची अजान होते आणि घड्याळ नसले तरी वेळ कळते. त्याच खुंटीला आपले काम टांगून ठेवा. 'संध्याकाळी अभ्यास करीन' असे मोघम बोलू नका. 'मगरिबच्या नमाजनंतर, जिन्याच्या पायरीवर बसून, दहा मिनिटे मराठी' असे ठरवा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नसते. कोणाला शाळा सुटल्यावर कारखान्यात हात लावावा लागतो, कोणाला लहान भावंडे सांभाळावी लागतात. मला हे माहीत आहे. म्हणूनच मी दोन तास म्हणत नाही, दहा मिनिटे म्हणते. आणि त्या दहा मिनिटांत मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या. तो जवळ असला की दहा मिनिटे कोठे गेली, हे कळत नाही.

घरातले कोणी आजारी आहे, अम्मीला मदत हवी आहे, म्हणून काम थांबले तर त्याला चालढकल म्हणायचे नाही. ती जबाबदारी झाली. कारण नसताना आणि पुढे पस्तावा होईल हे कळत असताना काम ढकलले, तरच ती चालढकल. हा फरक दुसरा कोणी सांगू शकत नाही. तो आपला आपणच प्रामाणिकपणे ओळखावा लागतो.

"परिस्थिती चांगली झाली की करू," हे चालढकलीचे सर्वांत आवडते वाक्य आहे. अहमदनगरचा किल्ला तुम्ही ऐकला असेल. त्या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' चळवळीच्या वेळी मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित जवाहरलाल नेहरू आणि इतर नेत्यांना मुंबईत पकडून इंग्रज सरकारने या किल्ल्यात आणून ठेवले. सुटका केव्हा होईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मौलाना आझाद पहाटे फार लवकर उठत, स्वतःचा चहा स्वतः करीत आणि आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ती पत्रे टपालात टाकण्याची सोय नव्हती. कोणी ती मागत नव्हते, कोणी मुदत घालून दिलेली नव्हती. एप्रिल १९४३ मध्ये पत्नीच्या निधनाची बातमी त्यांना तुरुंगातच कळली. तरीही लेखन थांबले नाही. त्या पत्रांतूनच 'गुबार-ए-खातिर' हे उर्दूतील मोलाचे पुस्तक झाले. त्याच किल्ल्यात पंडित नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा मोठा ग्रंथ लिहिला. ही दोन्ही पुस्तके १९४६ साली प्रसिद्ध झाली. चांगल्या दिवसांची वाट पाहत ते बसले असते, तर आज ही पुस्तके आपल्या हाती नसती.

आता एक शेवटची गोष्ट, जरा जड मनाने सांगते. परीक्षेचा अर्ज भरायला उशीर झाला, तर विलंब शुल्क देऊन काही दिवस तो भरता येतो. पण प्रत्येक कामाला विलंब शुल्काची सोय नसते.

मालेगावातील पुष्कळ विणकर घराण्यांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तर भारतातून येथे आले. माझ्या एका विद्यार्थ्याच्या दादाजानना, म्हणजे आजोबांना, आपल्या घराण्याच्या अशा कितीतरी आठवणी मुखपाठ होत्या. कोण कोणत्या गावाहून आले, वाटेत कोठे थांबले, पहिला हातमाग कोठे बसवला, हे सगळे ते रंगवून सांगत. त्यांच्याकडून ते लिहून घे, असे मी त्या मुलाला सुचवले. त्याला कल्पना फार आवडली. त्याने नवी वहीसुद्धा आणली. पण कधी क्रिकेटचा सामना, कधी ईदची खरेदी, कधी चाचणी परीक्षा. 'दादाजान तर घरीच असतात, केव्हाही लिहून घेईन,' असे तो म्हणत राहिला. त्या हिवाळ्यात दादाजानना अर्धांगवायूचा झटका आला. ते वाचले, पण त्यांची वाचा गेली. तो मुलगा वही घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसत असे. दादाजान त्याच्याकडे पाहत, ओठ हलवत. शब्द मात्र फुटत नसे.

मुलाला मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. पुढे त्याने धीर केला. दादाजानच्या धाकट्या बहिणीकडे तो दर जुम्म्याला जाऊ लागला आणि तिला जेवढे आठवत होते तेवढे त्याने लिहून घेतले. वही अर्धीच भरली. पण ती अर्धी वही आज त्याच्या घरी आहे.

मित्रांनो, तुमच्याही हातून काही कामे राहून गेली असतील. त्याबद्दल स्वतःला दूषणे देत बसू नका. त्या मुलाने तसे केले असते, तर ती अर्धी वहीसुद्धा लिहिली गेली नसती. पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली, असे त्यात दिसून आले. स्वतःला रागावण्यात जो वेळ जातो, तोही एक प्रकारची चालढकलच असते.

तेव्हा हा धडा येथे संपल्यावर लगेच पुढचे पान उलटू नका. तुमच्या दफ्तराच्या तळाशी गेलेली एक वही वर काढा. कोणती ते मी विचारत नाही, तुम्हांला ती माहीत आहे. तिच्यात आजची तारीख घाला आणि फक्त एक ओळ लिहा. एवढे झाले की वही मिटायला हरकत नाही.